टीम बदलल्याची बातमी

जमादार आणि नाबरसर दर गुरुवारी डायलिसिसला शेजारशेजारच्या खाटांवर असायचे. दोघांनाही फॉर्म्युला वनचं वेड. कुठल्या ड्रायव्हरचा फॉर्म गेला, कोण कुठल्या टीममध्ये जाणार, यावर भांडताना चार तास कसे सरायचे, कळायचंही नाही.

मग नाबरसरांना त्यांच्या बायकोची किडनी बसवली. जमादारांना मनापासून आनंद झाला. पण पुढच्या गुरुवारी शेजारच्या खाटेवर अनोळखी बाई पाहून त्यांनी डोळे मिटून घेतले. त्या दिवशी वेळ जाता जाईना.

महिन्याभराने एका गुरुवारी नर्सने सुया टोचल्या आणि जमादारांचा फोन वाजला.

"जमादार, नाबर बोलतोय. ऐकलंत का? तुमच्या लाडक्या ड्रायव्हरने टीम बदलली!"

ती बातमी जमादारांनी सकाळीच पेपरात दोनदा वाचली होती.

"काय सांगता, सर!" ते उशीला टेकत म्हणाले. "अगदी पहिल्यापासून सांगा."