फेस न येणारी पावडर

कोच दारातूनच बोलले, "आपल्याकडच्या तिघी मुली उत्तेजक चाचणीत सापडल्या. मी ताकदीसाठी दिलेल्या अमिनो अ‍ॅसिड पावडरच्या डब्यांतच बंदी असलेलं औषध मिसळलेलं होतं. तुझ्या अहवालाचं पाकीट फोडायचा मला धीर झाला नाही."

पोरगी मटकन खाली बसली. वजन उचलण्यात तिची देशाच्या संघात निवड झाली होती. आता ती निवड जाणार, वर चार वर्षांची बंदी.

"सर, दोन महिने न चुकता घेतलंय. सकाळ-संध्याकाळ."

"फोडा ते पाकीट," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "काही निघणार नाही."

"आई, तुला काय कळतं यातलं?"

आई हात पुसत बाहेर आली. "तो भला मोठा डबा फळीवर मावेना, म्हणून मी पावडर बरणीत काढली. दुसऱ्याच दिवशी साबणाची समजून मशीनमध्ये टाकली. फेस येईना, म्हणून आणखी टाकली. तरी येईना, म्हणून सगळी."

"सगळी?"

"चादरी फार मळल्या होत्या गं."

"मग मी रोज काय पीत होते?"

"ग्लुकोज, लिंबूसत्त्व, चिमूटभर मीठ. सरांनी एवढ्या विश्वासाने दिलेली वस्तू, कुठल्या तोंडाने सांगणार? आणि तूच म्हणालीस, कंपनीने चव सुधारली म्हणून."

कोचनी पाकीट फोडलं. कागद दोनदा वाचला आणि चाचपडत खुर्चीत बसले.

"काहीच नाही सापडलं. अगदी स्वच्छ!" मग त्यांचा चेहरा पडला. "पण मी तर गावभर सांगत सुटलोय, अमिनोमुळे ही सहा किलो जास्त उचलायला लागली!"

"अहो, पोरगी रोज उजाडायच्या आत उठून मरमर मरते," आई म्हणाली, "त्याचं काहीच नाही का?"

पोरगी उठून उभी राहिली. ही आता चिडणार, म्हणून आई एक पाऊल मागे सरकली. पण पोरीने तिला कमरेत धरलं, उचलून खांद्यापर्यंत घेतलं आणि तिथून थेट डोक्यावर.

"मेले, सोड! वर पंखा आहे!" आई हातपाय झाडत किंचाळली.

कोचनी धावत जाऊन पंखा बंद केला. डोळे पुसले आणि सवयीने ओरडले, "हात सरळ! मी सांगेपर्यंत खाली ठेवायचं नाही!"