हवा मारल्याची चिठ्ठी

“आधीच सांगतो, चूक माझी हाय,” म्हणत कृष्णातने बासमतीच्या रिकाम्या पिशवीतून लॅपटॉप काढला आणि काउंटरवर ठेवला.

संघर्षने हातातला स्क्रू ड्रायव्हर बाजूला केला. कोपरखैरण्यातल्या त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक यायचं ते कंपनीला शिव्या घालतच. हे पाहुणं वेगळं होतं.

“काय झालं काका?”

बाजारसमितीत तीस वर्षं पोती उचललेला माणूस, पण सांगताना कृष्णातची मान वर होईना. दिवाळीच्या साफसफाईला त्याच्या अंगात भलताच उत्साह संचारला होता. सकाळीच जळमटं काढली, डबे घासले, दाराजवळच्या मोकळ्या खिळ्याला कॅलेंडर टांगलं. मग उज्वलाच्या स्वतःच्या लॅपटॉपच्या बाजूच्या जाळीत धूळ दिसली. लेक आंघोळीला गेलेली पाहून त्याने तो उचलला आणि थेट पंक्चरवाल्याकडे नेला. रिक्षावाले एअर फिल्टरला मारून घेतात तशी दणदणीत हवा मारून घेतली.

“आत पंखा किरर्र वाजला बगा. दोन दिसांनी लॅपटॉप सारखा बंद पडाया लागला. पोरगी महाप्याच्या कंपनीत. दोन दिस हापिसात, बाकी घरनं काम. कामात खंड पडला आन् नोकरी गेली.”

उज्वला ओरडली नव्हती. “पप्पा, तुमच्या हवेने गेला जॉब,” एवढंच म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपली होती. वेणूबाईने तर नवऱ्याशी बोलणंच टाकलं. शेजारी, बाजारातले सोबती, साताऱ्याचा भाऊ, जो विचारील त्याला कृष्णात स्वतःच सांगायचा, “माझ्या हातनं झालं.” सांगून लाज काही कमी होत नव्हती. बारा दिवसांत लेकीने त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला नव्हता. लॅपटॉप दुरुस्त करून आणतो म्हणाला तेव्हा मात्र ती ताडकन उठून बसली होती. “आता हात नका लावू त्याला.” म्हणून आज ती नावड्याला मावशीकडे गेल्यावर त्याने तो गुपचूप आणला होता.

“पंखा नवा टाका. आन् एक चिठ्ठी लिवून द्या, दुकानाच्या कागदावर. बापानं हवा मारली म्हनून बिघडला, पोरीचा दोष न्हाय. ती घेऊन मी तिच्या सायबाच्या पाया पडतो.”

संघर्षने स्क्रू काढले, झाकण उचललं, बोटाने पंखा फिरवून पाहिला. मग वाकून आत निरखून पाहिलं.

“काका, नवा पंखा नको. तुमच्या हवेने चकाचक झालाय.”

“मग?”

“त्याची वायर काढलीय.”

“हवेनं निघाली असंल.”

“तशी नाही निघत. टेप सोडवून, बारीक लॉक उचलून काढावी लागते. कोणीतरी काढलीय आणि टेप परत नीट लावलीय. झाकण तुम्ही उघडलं होतं?”

“न्हाय.”

संघर्षने वायर बसवून लॅपटॉप चालू केला. पंखा गुणगुणायला लागला. दहा मिनिटं झाली तरी बंद पडला नाही.

“घरात अजून कोण वापरतं हा?”

कृष्णातला दाराजवळचा खिळा आठवला. तीन वर्षं त्या खिळ्याला उज्वलाचं कंपनीचं कार्ड असायचं. कॅलेंडर टांगायला गेला तेव्हा लेक घरातच होती, तरी खिळा मोकळा होता, आणि हवा त्याने त्यानंतर मारली होती.

“झालं काम,” संघर्ष झाकण लावत म्हणाला. “आता चिठ्ठीचीही गरज नाही.”

कृष्णातने लॅपटॉप हळूच परत त्याच्याकडे सरकवला.

“ती वायर परत काढा. टेप व्हती तशीच लावा. आन् चिठ्ठी मी सांगितली तशी लिवा.”

“अहो काका, पण साहेबांना हे दाखवून काय होणार?”

“सायबाला न्हाय,” कृष्णात म्हणाला. “घरी दाखवायचीय.”