नवखा माणूस

वेबपानं वापरायला सोपी कशी करायची, याचा कोलोनमधला अपूर्वाचा प्रगत अभ्यासक्रम संपत आला होता. शेवटच्या दिवशी, तिचं पान कधीच न पाहिलेला एक ज्येष्ठ नागरिक आणायचा. त्याने कुणालाही न विचारता पानावरून दंतवैद्याची वेळ घेतली, तर अपूर्वा पास. पास झाली, तर ऑफिसात तिला स्वतःची टीम मिळणार होती. ज्येष्ठ नागरिक घरातच होते: पुण्याहून मुलाकडे, म्हणजे तिच्या नवऱ्याकडे, रोहनकडे आलेले सासरे विष्णुपंत, निवृत्त मुख्याध्यापक.

"बाबा, घाबरू नका हं. ही परीक्षा तुमची नाही, माझ्या पानाची आहे."

"म्हणजे तुझीच की," विष्णुपंत म्हणाले.

त्या दिवशी विष्णुपंत कुठेही अडले नाहीत. शिकवणाऱ्या बाई आधी "गेनाऊ, गेनाऊ" असं जर्मनमध्ये 'अगदी बरोबर' म्हणत राहिल्या आणि शेवटी वर्गाला म्हणाल्या, "पान असं हवं. पहिल्यांदा बघणारासुद्धा चुकत नाही."

परतताना ट्राममध्ये अपूर्वाने प्रमाणपत्र कौतुकाने सासऱ्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते लांब धरलं, जवळ आणलं आणि परत दिलं.

"तूच वाच बाई. चष्मा सकाळी घरीच राहिला."

"घरी? मग पान कसं दिसलं तुम्हाला?"

"दिसायला कशाला हवं? तू ऑफिसला गेलीस की रोहनकडून उघडून घ्यायचो. आठवडाभर घोटलंय. आपल्या घरातलं माणूस तयारी न करता परीक्षेला बसत नाही."