तिसरं बटण

२०२२ साली साउथहॅम्प्टन बंदरात नीनाच्या प्रोग्रॅमची परीक्षा होती. क्रेनचं बेअरिंग धड आहे का, ते त्याने सांगायचं. त्यावर तिची पदवी आणि क्रेनखालच्या दोघा कामगारांचा जीव अवलंबून होता. ‘बेअरिंगमधून घरघर ऐकू येते का?’ स्क्रीनने विचारलं. बटणं दोनच: हो, नाही. तिने ‘नाही’ दाबलं. ‘बेअरिंग धड, खात्री नव्वद टक्के.’ परीक्षक खूश. म्हातारे फिटर गर्शोनकाका बेअरिंगला स्क्रूड्रायव्हर टेकवून, मुठीला कान लावून ऐकत होते. “मला पक्कं कळत नाही. तुला काय ऐकू आलं, पोरी?” “या गोंगाटात काहीच नाही, काका.” “मग ‘नाही’ कशाला दाबलंस?” “‘माहीत नाही’ असं तिसरं बटण मी ठेवलंच नाही.” नीनाने उत्तर मागे घेऊन क्रेन थांबवली. बेअरिंगमधला छर्रा तडकलेला निघाला. प्रोग्रॅमचं उत्तर चुकलं म्हणून नीना नापास झाली. कामगार दिवस फुकट गेल्याबद्दल कुरकुरत संध्याकाळी घरी पोचले.