कोस्टनट्रेगरचं भांडण

“खर्च वाहणारा? हिशेबात काय हमाल ठेवलाय का?”

कॉस्टिंगबाईंचा आवाज काचेच्या भिंतीपलीकडून थेट साहेबांच्या केबिनमध्ये आला. साहेबांनी कपाळाला हात लावला.

कारखाना जर्मन मालकांनी विकत घेतला, तेव्हापासून तिकडचे खर्चाच्या हिशेबाचे सगळे शब्द इंग्रजीत आणायचं काम साहेबांच्या गळ्यात पडलं होतं. त्यासाठी दोघी होत्या. एक जर्मन जाणणारी तरुण भाषांतरकार, आणि तिचे शब्द तपासायला निवृत्तीनंतर पुन्हा बोलावलेल्या कॉस्टिंगबाई. दोघींचं अगदी विळ्याभोपळ्याचं सख्य.

आजचा शब्द होता ‘कोस्टनट्रेगर’. तरुणीचं म्हणणं, मूळ शब्दात खर्च अंगावर घेऊन उभं असलेलं काहीतरी आहे, ते इंग्रजीतही दिसायला हवं. बाईंचं म्हणणं, ते काहीतरी म्हणजे आपण बनवतो तो पंप. इंग्रजी हिशेबात त्याला ‘कॉस्ट ऑब्जेक्ट’ म्हणतात आणि विषय संपला. तो काही संपला नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोघी हमरीतुमरीवर होत्या. बाकीची मंडळी मान खाली घालून गालातल्या गालात हसत होती. अखेर बाईंचा शब्द राहिला. आदल्या दिवशी तरुणीचा राहिला होता, आणि त्यावरून बाई दिवसभर धुसफुसत होत्या.

साहेब इथे नवे आणि स्वभावाने भिडस्त. पोरगी काम सोडून गेली तर मालकांना काय तोंड दाखवायचं, ही त्यांना धास्ती. एकदा त्यांनी तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं, फार त्रास होतो का. ती हसली. म्हणाली, घरी गेलं की सगळा शीण जातो. सासूबाई संध्याकाळी मुलाला खेळवतात, गरम चहा हातात देतात, एका शब्दाने कधी दुखवत नाहीत. साहेबांना हायसं वाटलं. अशी सासू आहे म्हणून पोर टिकली. कॉस्टिंगबाईंना सून असेल तर त्या बिचारीचं काय होत असेल, हा विचार मात्र त्यांनी मनातच ठेवला.

काम वेळेत झालं. मालकांची माणसं पाहून गेली आणि बेहद्द खूश झाली. एकेक शब्द घासूनपुसून घेतलाय, म्हणाली. आता इतर कारखान्यांचं वर्षभराचं कामही इथेच द्यायचं ठरलं. अट एकच, ह्याच दोघी हव्यात. साहेबांची बढतीही त्यावरच अडली होती.

साहेबांना घाम फुटला. त्यांनी दोघींना वेगवेगळं गाठून विचारलं. दोघींनीही घरी बोलून सांगते म्हणून एक दिवस मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉस्टिंगबाई एकट्याच केबिनमध्ये आल्या आणि आपली तयारी असल्याचं सांगून खुर्चीत बसल्या.

“तुमचं झालं,” साहेब चाचरत म्हणाले, “पण तिचं काय? तुमच्याबरोबर आणखी वर्षभर काढायला ती कशी तयार होईल?”

“अहो, तीच काल जेवताना माझ्या मागे लागली,” बाई म्हणाल्या. “म्हणाली, ‘आई, हो म्हणून टाका. आपलं भांडण ऑफिसातच उरकतं, म्हणून तर घरात एवढी शांतता आहे.’”