पाठ टेकली की हार

मंठाळच्या जत्रेत कुस्त्यांचे पंच म्हणून गुरुशांतप्पांची हयात गेली होती. मुलगी शैलश्री कलबुर्गीला एमएमएच्या, म्हणजे कुस्ती-बॉक्सिंग एकत्र असलेल्या खेळाच्या, पिंजऱ्यात उतरणार म्हटल्यावर त्यांनी अट घातली, "पाठ टेकली की हार. मग गुमान घरी यायचं आन् बघायला येणाऱ्या पाहुण्यांपुढं बसायचं."

"अप्पा, ह्या खेळाचे नियम तरी ऐका की."

"मला नियम शिकवायलीस व्हय गं?"

"बरं, मंजूर," ती म्हणाली.

लढत सुरू होते न होते तोच शैलश्री उताणी पडली. समोरची धिप्पाड पोरगी तिच्या अंगावर होती. गुरुशांतप्पा खुर्चीवरून उठले, "संपलं. पाहुण्यांना निरोप धाडा," असं शेजारी बसलेल्या आपल्या भावाला सांगून दाराकडे निघाले. तेवढ्यात मागं गलका उठला. त्यांनी वळून पाहिलं, तर शैलश्रीनं खालूनच त्या पोरीची मान पायांत आवळली होती आणि ती पोरगी हात आपटून हार कबूल करत होती. पंचानं शैलश्रीचा हात वर केला.

"पण पाठ तर टेकली होती!" गुरुशांतप्पा जाळीजवळ येऊन ओरडले.

 

"तिनं पाडलं न्हाई अप्पा, मीच तिला अंगावर ओढून घेतलं. आता खुशाल बोलवा पाहुण्यांना, त्यांनाबी असंच हरवून धाडते."