हार्मच्या ट्रेवरची लाल चिठ्ठी

चाळीसच्या चाळीस बोल्टवर तोच डाग होता. शिकारीच्या रायफलीत गोळी आत ढकलणारा हा पोलादी दांडा. त्याच्यावरचं काळं कोटिंग टोकापासून टोकापर्यंत एकसारखं लागतं. इथे मात्र मुठीजवळ एक राखाडी, धुरकट ठिपका, अंगठ्याएवढा. अस्मितानं तो दिव्याखाली नेऊन भिंगातून पाहिला. आत बारीक रेषा दिसत होत्या.

"अंगठाच आहे," ती फोनवर म्हणाली. "धुऊन झाल्यावर कुणीतरी उघड्या हातानं धरलेत. हाताला सॅनिटायझर होतं. ते खाली राहिलं आणि वरचं कोटिंग नीट बसलंच नाही."

"कुणीतरी कशाला? ट्रेवर नाव आहे की," कुणाल म्हणाला. तो तिचा वरिष्ठ. लॉकडाऊन लागल्यापासून आइंडहोवनचा हा कारखाना तो अ‍ॅमस्टरडॅममधल्या घरातून चालवत होता. मागे त्याची मुलं डचमध्ये भांडत होती. "ऑपरेटर एरर लिही आणि क्लोज कर. कस्टमरला दुपारपर्यंत रिपोर्ट हवाय."

"हार्म कोरोनानं गेलाय, कुणाल. बारा दिवस झाले."

"म्हणूनच सांगतोय. त्याला आता कोण काय विचारणार आहे? आणि तुझं काँट्रॅक्ट जूनमध्ये रिन्यू व्हायचंय. ग्लोव्ह्ज कुणी देऊन टाकले, हा विषय निघायला नको असेल तर लिहून मोकळी हो."

ग्लोव्ह्ज अस्मितानंच देऊन टाकले होते. मार्चमध्ये इस्पितळांत तुटवडा झाला तेव्हा गोदामातली सगळी खोकी तिनं स्वतः गाडीत चढवली. फोटो निघाले, मालकानं पाठ थोपटली. एकटा हार्म कुरकुरला होता, की धुतलेल्या पोलादाला उघडा हात लावायचा नसतो. ती म्हणाली होती, सॅनिटायझर लावा, चालेल. पुण्याहून येऊन दीड वर्षही न झालेली पोरगी एकतीस वर्षं काम केलेल्या माणसाला हे सांगत होती, आणि त्यानं ते ऐकलं होतं.

तिनं फॉर्म उघडला. 'कारण' या रकान्यात 'ऑपरेटर एरर' लिहिलं. पाठवायचं तेवढं राहिलं होतं.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. हार्मची बायको हन्नेके लॉकर रिकामं करायला आली होती. उंच, पिकल्या केसांची बाई, हातात सुपरमार्केटची रिकामी पिशवी. अस्मितानं घाईघाईनं फोन ठेवला, किल्ली टेबलाच्या कडेला ठेवली आणि नियमाप्रमाणे मागे सरकली. लॉकरमध्ये फारसं काही नव्हतंच. कॉफीचा मग, एक स्वेटर, चष्मा. हन्नेकेनं सगळं पिशवीत घातलं आणि जाताना तिची नजर टेबलावरच्या ट्रेवर गेली.

"लाल चिठ्ठी?" ती इंग्रजीत म्हणाली. "हार्मच्या ट्रेवर?"

लाल म्हणजे नापास, हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती. एकतीस वर्षं जेवणाच्या टेबलावर तिनं कारखानाच ऐकला होता.

"मशीनमुळे होतं कधी कधी," अस्मिता म्हणाली.

"मग नाव त्याचं का?"

हन्नेके जागची हलली नाही.

"त्याचा एकही नग कधी परत आला नाही," ती म्हणाली. "शेवटी शेवटी अंगात ताप होता, आम्हाला कळलं नाही. हात थरथरत असतील. चूक त्याची असेल तर तसं सांग, मी ऐकून घेईन. फक्त खरं सांग."

अस्मिताला स्वतःची लाज वाटली. भीती त्याहून जास्त वाटली. नोकरी गेली तर व्हिसाच्या नियमानं तीन महिन्यांत दुसरी मिळवायची, नाहीतर गाशा गुंडाळून परत पुण्याला; आणि आत्ता नवीन माणूस घेतंय कोण? तिनं ट्रेकडे पाहिलं. चाळीस ठिपके एका रांगेत होते. माणसानं प्रत्येक नग एकाच जागी, अगदी हलक्या हातानं धरला होता.

"चूक त्यांची नाही," ती म्हणाली. "त्यांचे ग्लोव्ह्ज मी देऊन टाकले. ते नको म्हणत होते. मी ऐकलं नाही."

हन्नेकेनं हातातली पिशवी खाली ठेवली.

अस्मितानं ट्रेवरची चिठ्ठी नखानं सोलून काढली. नवी लाल चिठ्ठी घेतली आणि तिच्यावर स्वतःचं नाव लिहिलं. मग कॉम्प्युटरपाशी बसून तिनं 'कारण' हा रकाना पुसला आणि पुन्हा भरला: ग्लोव्ह्जविना काम करण्याची सूचना, सूचना देणारी, अस्मिता दामले. कस्टमरला, मालकाला आणि कुणालला तिनं तो फॉर्म एकदमच पाठवून दिला.

मिनिटभरात फोन वाजायला लागला. कुणालच होता. तिनं तो वाजू दिला.

हन्नेकेनं पिशवीतून हार्मचा चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि ट्रेवर वाकून ते अनोळखी नाव अक्षर अक्षर लावत वाचलं. चष्मा तिला मोठा होत होता.

"ग्लोव्ह्जबद्दल तो मला काही बोलला नव्हता," ती म्हणाली. "तुझ्याबद्दल मात्र एकदा बोलला. म्हणाला, पोरगी घाई करते, पण खोटं बोलत नाही."